कार्टर कशामुळे हरले, महागाईमुळे की इराणमुळे?

प्रश्न असा आहे: १९८० च्या निवडणुकीत अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर हरले ते महागाईमुळे की तेहरानच्या अमेरिकन वकिलातीतल्या ओलीस प्रकरणामुळे? आणि त्याला जोडून दुसरा: घरची अर्थव्यवस्था घसरत असली की अमेरिकेचा अध्यक्ष परदेशांशी वागताना दुबळाच पडतो का?

माझं उत्तर आधीच सांगतो. कार्टर यांना महागाईने हरवलं. ओलीस प्रकरणाने तो पराभव रोज संध्याकाळी टीव्हीवर दिसेल असा केला. पण या दोन गोष्टी वेगवेगळ्या मांडल्या की तो काळ हाती लागत नाही. तेल आणि डॉलर या दोन वाटांनी घरचं संकट बाहेर जात होतं आणि बाहेरचं घरात येत होतं. अमेरिकेचं राजकारण आणि आंतरराष्ट्रीय अर्थकारण मी बरीच वर्षं शिकवत आलो आहे, आणि 'कार्टर म्हणजे दुबळा अध्यक्ष' हे वाक्य विद्यार्थ्यांच्या तोंडी इतक्या सहज येतं की मला दर वेळी मुळापासून सुरुवात करावी लागते. इथेही तसंच करतो.

महागाईचं रोपटं कार्टर यांनी लावलेलं नव्हतं. १५ ऑगस्ट १९७१ रोजी तेव्हाचे अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं, पगार आणि किमती ९० दिवसांसाठी गोठवल्या, आयातीवर १० टक्के अधिभार लावला. १९७२ ची निवडणूक तोंडावर होती. फेडरल रिझर्व्हचे (म्हणजे 'फेड', अमेरिकेची मध्यवर्ती बँक) अध्यक्ष आर्थर बर्न्स यांनी पैसा सैल ठेवावा म्हणून निक्सन यांनी टाकलेला दबाव व्हाइट हाउसच्या ध्वनिफितींत आजही ऐकता येतो. मग १९७३ चं ऑक्टोबरमधलं अरब-इस्रायल युद्ध, अरब देशांची तेलबंदी, आणि तेलाची किंमत जवळजवळ चौपट. निक्सन यांच्यानंतर अध्यक्ष झालेल्या फोर्ड यांनी १९७४ मध्ये महागाईविरोधात मोहीम उघडली, छातीवर लावायचे बिल्ले वाटले. काही महिन्यांतच मंदी इतकी खोल गेली की त्यांनाच करकपात मागायची वेळ आली. मे १९७५ मध्ये बेरोजगारी ९ टक्क्यांवर होती.

म्हणून २० जानेवारी १९७७ रोजी कार्टर यांनी शपथ घेतली तेव्हा त्यांच्या पक्षाला, कामगार संघटनांना आणि बहुतेक अर्थतज्ज्ञांनाही पहिली काळजी नोकऱ्यांची होती. बेरोजगारी ७.५ टक्के आणि आदल्या वर्षीची महागाई ५.८ टक्के, असा तो ताळेबंद होता. त्यांनी नोकऱ्यांना आधी हात घातला, आणि नोकऱ्या वाढल्याही: चार वर्षांत सुमारे एक कोटी. पण महागाई वर्षागणिक चढत गेली. १९७७ मध्ये ६.५, १९७८ मध्ये ७.६, १९७९ मध्ये ११.३ आणि १९८० मध्ये १३.५ टक्के. या चार आकड्यांतल्या पहिल्या दोनांकडे नीट बघा. इराणचे राजे शहा अजून तेहरानमध्ये गादीवर होते, तेलाचा दुसरा भडका उडायचा होता, तरी महागाई वाढत होती. इराणवर सगळं ढकलणाऱ्यांनी या दोन आकड्यांचा हिशोब द्यायला हवा.

परराष्ट्र धोरण इथेच आत येतं, आणि या भागाकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. अमेरिका वेगाने वाढत होती, खूप आयात करत होती, आणि डॉलर घसरत होता. वॉशिंग्टनचं म्हणणं होतं की पश्चिम जर्मनी आणि जपान यांनीही आपापल्या अर्थव्यवस्थांना चालना द्यावी, म्हणजे जगाची गाडी एकट्या अमेरिकेला ओढावी लागणार नाही. जर्मन चान्सलर हेल्मुट श्मिट यांना हे अजिबात पसंत नव्हतं. त्यांच्या मते अमेरिकेने आधी स्वतःची तेलाची हाव आटोक्यात आणावी. जुलै १९७८ मध्ये बॉनच्या शिखर परिषदेत सौदा ठरला: जर्मनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे एक टक्क्याएवढा जादा खर्च करेल आणि अमेरिका देशातल्या तेलाच्या किमती १९८० अखेरपर्यंत जागतिक पातळीवर आणेल.

या दुसऱ्या अटीचं वजन लक्षात घ्या. अमेरिकेत तेव्हा देशी तेलाच्या किमतीवर सरकारी नियंत्रण होतं. ते स्वस्त तेल लोक बेसुमार जाळत होते. कार्टर यांनी एप्रिल १९७७ मध्येच ऊर्जेच्या प्रश्नाला नैतिक अर्थाने युद्धाइतकं मोठं आव्हान म्हटलं होतं, पण तेलावर कर लावण्याचा त्यांचा प्रस्ताव सिनेटमध्ये अडला. जे घरच्या काँग्रेसकडून, म्हणजे अमेरिकन संसदेकडून, मिळत नव्हतं, त्याचं वचन त्यांनी बॉनमध्ये परक्या नेत्यांना दिलं. धाडसी चाल होती ती, आणि माझ्या मते योग्यही. पण वचन पुरं करण्याची वेळ आली एप्रिल १९७९ मध्ये, म्हणजे नेमकं इराणचं तेल बाजारातून गायब झाल्यावर. किमती मोकळ्या करण्याचा निर्णय त्यांनी तरीही घेतला. याची राजकीय किंमत किती होती हे ज्याने अमेरिकन मतदाराला पेट्रोलच्या दरावर बोलताना ऐकलंय त्याला सांगावं लागणार नाही.

दरम्यान डॉलरने वाट बघितली नाही. १९७८ च्या शरद ऋतूत तो इतका घसरला की १ नोव्हेंबर रोजी, काँग्रेसच्या मध्यावधी निवडणुकांना (अध्यक्षाच्या मुदतीच्या मध्यावर होतात त्या) आठवडा उरला असताना, सरकारला बचावाचं पॅकेज जाहीर करावं लागलं. फेडने आपला सवलतीचा दर, म्हणजे बँकांना कर्ज देण्याचा व्याजदर, एका झटक्यात पूर्ण एक टक्क्याने वाढवून ९.५ वर नेला. जर्मनी, जपान आणि स्वित्झर्लंड यांच्या मदतीने सुमारे ३० अब्ज डॉलर किमतीचं परकीय चलन डॉलरच्या पाठीशी उभं केलं. अमेरिकेच्या तिजोरीने चक्क जर्मन मार्कात आणि स्विस फ्रँकमध्ये रोखे विकले. ज्या देशाचं चलन सारं जग साठवतं, त्या देशाने दुसऱ्याच्या चलनात कर्ज काढलं. त्या रोख्यांना 'कार्टर बाँड' हे नाव पडलं. जो अध्यक्ष सप्टेंबरमध्ये इजिप्तचे सादात आणि इस्रायलचे बेगिन यांना तेरा दिवस कॅम्प डेव्हिड या अध्यक्षीय विश्रामस्थानी बसवून ठेवून समझोता करून घेतो, त्याच्यावर दीड महिन्यात ही वेळ येते. १९७८ हे वर्ष मी वर्गात सगळ्यात सावकाश शिकवतो ते यासाठी.

आता १९७९. इराणच्या तेलक्षेत्रातले कामगार आदल्या शरद ऋतूत संपावर गेले होते. १६ जानेवारीला शहा देश सोडून गेले, १ फेब्रुवारीला क्रांतीचे नेते खोमेनी परतले. तेलाचा दर वर्षभरापूर्वी पिंपाला सुमारे १३ डॉलर होता, तो १९८० पर्यंत तीसच्या पार गेला. जगातला प्रत्यक्ष पुरवठा मात्र फक्त काही टक्क्यांनीच कमी झाला होता. मग कॅलिफोर्नियात मे महिन्यात पंपांवर मैलभर रांगा कशा लागल्या? सम तारखेला सम क्रमांकाच्या गाड्या आणि विषम तारखेला विषम, अशी पाळी कशी आली?

याचं उत्तर नियमांत आहे. पेट्रोलचं वाटप सरकारी सूत्राने होत होतं आणि ते सूत्र आदल्या वर्षीच्या विक्रीवर बेतलेलं होतं. लोक लांबचा प्रवास टाळून शहरातच राहिले, तरी पेट्रोल जुन्या हिशोबाने सुट्टीच्या गावांकडे आणि महामार्गांकडे जात राहिलं. शहरातले पंप कोरडे, आडगावचे भरलेले. त्यात घबराट. एरवी टाकी पाव उरली की भरणारा माणूस आता तीन चतुर्थांश भरलेली टाकी घेऊन रांगेत उभा राहू लागला. लाखो गाड्यांच्या टाक्यांत जास्तीचं पेट्रोल जाऊन बसलं आणि टंचाई स्वतःलाच खतपाणी घालू लागली. त्याच सुमारास दर गॅलनला एका डॉलरच्या वर गेला. जुन्या पंपांच्या यंत्रांवर ९९.९ सेंटच्या पुढचा आकडा लावायची सोयच नव्हती. कित्येक पंपमालकांनी यंत्रावर निम्मा दर लावला आणि आलेल्या रकमेची दुप्पट घ्यायला सुरुवात केली. रांगेत तासभर उभं राहून, काटा थांबल्यावर त्याच्या दुप्पट पैसे मोजताना माणसाला जे वाटलं असेल, ते कुठल्याही भाषणाने पुसलं जाणार नव्हतं.

कार्टर यांनी भाषणाचाच प्रयत्न केला. जुलैमध्ये ऊर्जेवरचं ठरलेलं भाषण रद्द करून ते दहा दिवस कॅम्प डेव्हिडला गेले. राज्यपाल, धर्मगुरू, अर्थतज्ज्ञ, सामान्य नागरिक अशा कितीतरी लोकांना बोलावून त्यांनी टीका ऐकून घेतली आणि १५ जुलै रोजी देशाला सांगितलं की खरं संकट आत्मविश्वासाचं आहे, आणि आपण वस्तू जमवण्याला जगण्याचा अर्थ समजू लागलो आहोत. आज पुष्कळांना वाटतं की ते भाषण पडलं. तसं झालं नाही. लोकांना ते भावलं, पाठिंबा दहा-अकरा टक्क्यांनी वर गेला. घात झाला तो दोन दिवसांनी, त्यांनी सगळ्या मंत्रिमंडळाचे राजीनामे मागितले तेव्हा. त्यातले पाच मंत्री गेले. बाहेरून बघणाऱ्याला सरकारच कोसळतंय असं वाटलं, आणि डॉलर पुन्हा घसरला.

त्या गोंधळातूनच त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा आर्थिक निर्णय निघाला. फेडचे प्रमुख विल्यम मिलर यांना त्यांनी अर्थमंत्री केलं आणि फेडची जागा रिकामी झाली. बाजाराला धीर देईल असा माणूस हवा होता. न्यूयॉर्क फेडचे प्रमुख पॉल व्होल्कर यांना ओव्हल ऑफिसात बोलावलं गेलं. व्होल्कर यांनी पुढे आठवणींत लिहिलंय की सोफ्यावर बसून, हातातल्या सिगारने शेजारच्या मिलर यांच्याकडे बोट करत, मी याच्यापेक्षा कडक धोरण राबवेन असं त्यांनी अध्यक्षांना सरळ सांगितलं. आपली संधी गेली, असं समजूनच ते परतले. कार्टर यांनी त्यांनाच नेमलं. अशा माणसाच्या हाती व्याजदर दिले तर पुढची निवडणूकच फेडकडे गहाण पडेल, असा इशारा कार्टर यांच्या निकटच्या वर्तुळातून आला होता. तो ऐकूनही नेमलं. 'दुबळा' हे विशेषण वापरणाऱ्यांनी या एका नेमणुकीचं काय करायचं ते मला सांगावं.

पुढच्या घडामोडीतही परदेशाचा हात दिसतो. सप्टेंबरअखेर व्होल्कर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या बैठकीसाठी बेलग्रेडला निघाले. वाटेत हॅम्बुर्गला श्मिट यांनी त्यांना स्पष्ट ऐकवलं की डॉलरच्या बाबतीत आमची सहनशक्ती संपली आहे. व्होल्कर बैठक अर्धवट सोडून परत आले आणि ६ ऑक्टोबर १९७९ रोजी, शनिवारी संध्याकाळी, त्यांनी पत्रकारांना बोलावलं. पोप जॉन पॉल दुसरे त्याच दिवशी व्हाइट हाउसमध्ये होते, वॉशिंग्टनचे सगळे कॅमेरे तिकडे. व्होल्कर यांनी जाहीर केलं की यापुढे फेड पैशाच्या पुरवठ्यावर नियंत्रण ठेवेल आणि व्याजदर जातील तिथे जातील. याचा अर्थ मंदी अटळ होती. निवडणुकीला तेरा महिने उरले होते.

आणि चारच आठवड्यांनी, ४ नोव्हेंबर रोजी, तेहरानची अमेरिकन वकिलात इराणी विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतली.

त्याआधीचा निर्णय इथे सांगायलाच हवा. कर्करोगाने आजारी शहांना अमेरिकेत येऊ द्यावं म्हणून बँकर डेव्हिड रॉकफेलर आणि माजी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर महिनोनमहिने आग्रह धरत होते. कार्टर टाळत होते. आपल्या माणसांना ओलीस धरलं तर मला काय सल्ला द्याल, असा प्रश्न त्यांनी सल्लागारांना बैठकीत विचारला होता, आणि खोलीत कुणाकडेच उत्तर नव्हतं. तरी उपचारांच्या कारणाने त्यांनी परवानगी दिली आणि २२ ऑक्टोबरला शहा न्यूयॉर्कला पोहोचले. मनाला पटत नसताना घेतलेला हा निर्णय त्यांची खरी चूक होती, असं मी मानतो. वकिलातीतली माणसं आधी हलवायची, मग हवं तर शहांना बोलवायचं, एवढं तर शक्य होतं. त्याच वकिलातीवर फेब्रुवारीत एकदा हल्ला होऊन गेला होता.

१४ नोव्हेंबरला, इराण अमेरिकन बँकांतून पैसे काढणार अशी बातमी येताच, न्यूयॉर्कच्या बँका उघडण्याआधी कार्टर यांनी इराणची सुमारे १२ अब्ज डॉलरची मालमत्ता गोठवली. यात परदेशातल्या अमेरिकन शाखांमधल्या ठेवीही होत्या. डॉलरवरचा विश्वास परत आणायला व्होल्कर धडपडत असताना सगळ्या तेलउत्पादक देशांना दिसलं की डॉलरमधला पैसा एका सहीने अडकू शकतो. धोका मोठा होता. पण मला हे त्या सबंध प्रकरणातलं सगळ्यात परिणामकारक पाऊल वाटतं, कारण अखेर सुटकेचा सौदा याच पैशावर झाला. एप्रिल १९८० च्या बचाव मोहिमेत आठ हेलिकॉप्टर निघाली, लागणार होती किमान सहा, वाळवंटातल्या तळावर धड पाचच उरली. मोहीम रद्द झाली आणि परतताना एक हेलिकॉप्टर विमानावर आदळून आठ सैनिक मेले. या मोहिमेलाच विरोध असलेले परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांनी राजीनामा दिला. १९ जानेवारी १९८१ च्या अल्जीयर्स करारात मात्र सुमारे ८ अब्ज डॉलर हलले, त्यातून बँकांची थकीत कर्जं वळती झाली, आणि ४४४ दिवसांनी ५२ जण सुटले. रेगन यांच्या शपथविधीनंतर काही मिनिटांनी.

आता तारखांचा क्रम बघा. वकिलात पडल्यावर कार्टर यांचा पाठिंबा वाढला. तीसच्या आसपास रेंगाळणारा आकडा जानेवारीपर्यंत साठच्या जवळ पोहोचला. संकटात देश अध्यक्षाच्या मागे उभा राहतो तसा तो राहिला, आणि त्याच लाटेवर त्यांनी पक्षांतर्गत लढतीत टेड केनेडी यांना मागे टाकलं. इराणनेच त्यांना बुडवलं असतं तर नोव्हेंबरातच बुडवायला हवं होतं. ती लाट ओसरली वसंत ऋतूत, आणि तेव्हा घरात काय चाललं होतं?

मार्च १९८० मध्ये वर्षभरातली महागाई १४.८ टक्के झाली. (या आकड्यात एक गोम आहे. तेव्हाच्या निर्देशांकात घरकर्जाचं व्याजही धरलं जाई, त्यामुळे फेडने व्याज वाढवलं की महागाईचा आकडाच फुगे. ही पद्धत १९८३ मध्ये बदलली.) रोखेबाजार घाबरला होता. १४ मार्चला कार्टर यांनी १९६९ च्या एका कायद्याचा आधार घेऊन कर्जांवर निर्बंध घातले. क्रेडिट कार्डांसारख्या कर्जात जी वाढ होईल तिच्या १५ टक्के रक्कम बँकांनी बिनव्याजी फेडकडे ठेवायची. घरकर्ज आणि वाहनकर्ज यातून वगळलं होतं. कागदावर हे सौम्य पाऊल होतं. व्होल्कर यांना ते फारसं मान्य नव्हतं, तरी त्यांनी राबवलं. पण अध्यक्षाने टीव्हीवर येऊन उधारी थांबवा म्हटल्यावर लोकांनी ती देशभक्ती समजून अक्षरशः थांबवली. कात्रीने कापलेली क्रेडिट कार्डं पाकिटात घालून लोक व्हाइट हाउसला पाठवू लागले. एप्रिल ते जून या तिमाहीत उत्पादन वार्षिक ८ टक्क्यांच्या वेगाने घसरलं. घाबरून फेडने लगाम सोडला, जुलैपर्यंत निर्बंधही गेले, आणि एप्रिलमध्ये २० टक्क्यांच्या जवळ गेलेला अल्पमुदतीचा व्याजदर उन्हाळ्यात ९ पर्यंत खाली आला. महागाई पुन्हा उसळली. सप्टेंबरअखेर, निवडणुकीला जेमतेम पाच-सहा आठवडे असताना, फेडला पुन्हा दर वाढवावे लागले.

म्हणजे मंदीचा सगळा त्रास सोसूनही महागाईची कंबर मोडली नाही. माझ्या मते पराभव इथे ठरला. बेरोजगारी उन्हाळ्यात ७.८ टक्क्यांवर गेली, मिशिगनचे मोटार कामगार घरी बसले, एप्रिलमध्ये घरकर्ज १६ टक्क्यांवर गेलं होतं. याच काळात अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा घुसल्याबद्दल कार्टर यांनी १.७ कोटी टन धान्याची विक्री रोखली. त्याची झळ आयोवाच्या शेतकऱ्याला बसली. मॉस्कोने अर्जेंटिनाकडून धान्य घेतलं. ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला, तोही असाच घरच्या खेळाडूंना जास्त लागला. भारत त्या बहिष्कारात नव्हता, आणि आपण हॉकीचं सुवर्णपदक त्याच मॉस्कोत मिळवलं.

आपल्याकडच्या वाचकाला या सगळ्याचा सर्वात जवळचा धागा तारापूरला सापडेल. तिथली अणुभट्टी अमेरिकन बनावटीची, १९६३ च्या कराराने इंधनही अमेरिकेनेच द्यायचं. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिका कचरू लागली. जानेवारी १९७८ मध्ये कार्टर दिल्लीत आले तेव्हा मायक्रोफोन चालू राहिला आणि मोरारजी देसाईंना परतल्यावर एक थंड, अगदी सडेतोड पत्र लिहायला हवं असं ते व्हान्स यांना म्हणताना ऐकू गेले. मार्चमध्ये त्यांनीच नव्या अण्वस्त्रप्रसारबंदी कायद्यावर सही केली. पण अफगाणिस्ताननंतर दक्षिण आशियातलं गणित बदललं. भारताला दुखवणं परवडणारं नव्हतं. १९८० मध्ये त्यांच्याच अणुनियामक आयोगाने तारापूरच्या ३८ टन इंधनाला नकार दिला असताना कार्टर यांनी तो डावलला. प्रतिनिधिगृहाने २९८ विरुद्ध ९८ असा त्यांचा निर्णय फेटाळला. सिनेट ४८ विरुद्ध ४६ ने त्यांच्या बाजूला राहिली म्हणून इंधन मिळालं. निवडणुकीला सहा आठवडे होते, पाठिंबा रसातळाला गेला होता, आणि तरीही स्वतःच्या तत्त्वाला आणि स्वतःच्या पक्षातल्या अनेकांना बाजूला ठेवून त्यांनी हे मत जिंकून घेतलं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी यावरूनच देतो. आर्थिक घसरणीत अध्यक्षाची सत्ता संपत नाही. पनामा कालव्याचे करार, कॅम्प डेव्हिड, चीनशी पूर्ण राजनैतिक संबंध, हे सगळं महागाई चढत असतानाच झालं. पनामाचे दोन्ही करार सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३२ ने, म्हणजे लागणाऱ्या मतांपेक्षा एकच मत जास्त मिळून पार पडले. मॉस्कोने काबूलमध्ये फौजा पाठवल्या त्या अमेरिका आर्थिकदृष्ट्या खचली म्हणून, असं मानायलाही आधार दिसत नाही. पॉलिटब्युरोची (सोव्हिएत पक्षाच्या सर्वोच्च मंडळाची) पुढे खुली झालेली कागदपत्रं वाचली तर अफगाण सत्ताधीश अमीन यांच्यावरचा अविश्वास आणि काबूलची राजवट हातची जाईल ही भीती ठळकपणे दिसते. घसरणीत अध्यक्ष गमावतो तो वेळ. चुकीला माफी मिळत नाही आणि यश लोकांच्या लक्षात राहत नाही.

पडताळा हवा असेल तर पुढचे दोन अध्यक्ष बघा. १९८२ च्या शेवटी रेगन यांच्या काळात बेरोजगारी १०.८ टक्क्यांवर गेली, कार्टर यांच्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि जानेवारी १९८३ मध्ये त्यांचा पाठिंबा ३५ टक्के होता. पण ती मंदी त्यांच्या कारकिर्दीच्या पूर्वार्धात आली. व्होल्कर यांचं औषध लागू पडून १९८३ मध्ये महागाई ३.२ टक्क्यांवर आली होती. त्या ऑक्टोबरात बैरूतमध्ये एका स्फोटात २४१ अमेरिकन सैनिक मारले गेले, काही महिन्यांत रेगन यांनी तिथून फौज काढून घेतली, आणि १९८४ मध्ये ते ४९ राज्यं जिंकले. तेहरानच्या ओलिसांपैकी तर सर्वजण जिवंत परतले होते. उलट थोरले बुश १९९१ मध्ये आखाती युद्ध जिंकून ८९ टक्के पाठिंब्यावर पोहोचले आणि पुढच्याच वर्षी ३७ टक्के मतांवर हरले, कारण मंदी कागदोपत्री संपूनही नोकऱ्या परत आल्या नव्हत्या. बैरूत माफ झालं, कुवेतचा विजय विसरला गेला.

४ नोव्हेंबर १९८० ला, वकिलात पडल्याला बरोबर वर्ष होत असताना, मतदान झालं. कार्टर यांना ४१ टक्के मतं आणि राज्यवार मिळणारी, निकाल ठरवणारी ४९ निर्वाचक मतं मिळाली, रेगन यांना ४८९. आठवडाभर आधीच्या वादसभेत रेगन यांनी मतदारांना विचारलं होतं: चार वर्षांपूर्वीपेक्षा आज तुमचं बरं चाललंय का? लगेच पुढचा प्रश्न दुकानात वस्तू घेणं सोपं झालंय का, हा होता. अमेरिकेचा जगातला मान विचारला, तो त्यानंतर.

कार्टर यांना वेगळं काय करता आलं असतं, असंही नेहमी विचारलं जातं. शहांचं सांगितलंच. ओलिसांसाठी त्यांनी प्रचारदौरे थांबवून स्वतःला व्हाइट हाउसमध्ये बांधून घेतलं, तेही नको होतं, कारण त्यामुळे सुटका न झालेला प्रत्येक दिवस त्यांच्या नावावर जमा झाला. कर्जनिर्बंध टाळता आले असते. पण सगळ्यात मोठी हुकलेली संधी मार्च १९७८ ची. बर्न्स यांची मुदत संपली तेव्हा कार्टर यांनी फेडवर मिलर यांना आणलं. चांगले उद्योगपती होते ते, पण चलनधोरणाचा अनुभव नाही, आणि दर वाढवण्याच्या बाबतीत ते कचरत राहिले. व्होल्कर सतरा महिने आधी आले असते तर मंदी १९७९ मध्ये आली असती, इराणचं तेल तेव्हाही तुटलंच असतं, त्यामुळे महागाई १९८० पर्यंत पूर्ण आटोक्यात आली असती असं मी म्हणणार नाही. पण मतदानाच्या वेळी दर उतरणीला लागलेले असते, आणि रेगन यांचा तो प्रश्न इतका जिव्हारी लागला नसता.